असोसिएशन स्कीम शिकायच्या आहेत, तर काय वाचायचं आणि कुठल्या क्रमाने

असोसिएशन स्कीम म्हणजे बिंदूंच्या सगळ्या जोड्यांची काही नात्यांमध्ये केलेली अशी वाटणी, की मोजणीचे आकडे फक्त नात्यावर ठरतात. त्यावर साहित्य कमी आहे असं अजिबात नाही, भरपूर आहे. अडचण अशी की ते तीन-चार वेगवेगळ्या विषयांत विखुरलंय आणि प्रत्येक ठिकाणी त्याच गोष्टीकडे बघायची पद्धत वेगळी, कधीकधी व्याख्यासुद्धा वेगळी. त्यामुळे "सगळ्यात चांगलं पुस्तक कुठलं" असं विचारलं की पाच जण पाच नावं सांगतात आणि पाचही बरोबर असतात, फक्त ती तुमच्यासाठी बरोबर असतीलच असं नाही. म्हणून आधी हे ठरवा की तुम्ही या विषयाकडे कुठून येताय, कोडिंग थिअरीतून, ग्राफमधून, ग्रुप थिअरीतून की स्टॅटिस्टिक्समधून. पुस्तक त्यावर ठरतं.

पण त्याच्याही आधी एक काम करा, आणि हे मी खरंच कळकळीने सांगतोय, कुठलंही पुस्तक उघडायच्या आधी एक उदाहरण हाताने पूर्ण सोडवा. घन घ्या, साधा क्यूब, 8 कोपरे. दोन कोपऱ्यांमधलं अंतर म्हणजे कडांवरून चालत किती पावलं लागतात ते, म्हणजे 0, 1, 2 किंवा 3. आता प्रत्येक अंतरासाठी 8 बाय 8 ची एक मॅट्रिक्स बनवा, त्या अंतरावरच्या जोडीला 1, बाकी सगळीकडे 0. अशा चार मॅट्रिक्स होतील, ए-शून्य ते ए-तीन. मग ए-एकचा वर्ग करा. उत्तर येतं 3 गुणिले ए-शून्य अधिक 2 गुणिले ए-दोन. म्हणजे गुणाकार करूनही आपण त्याच चार मॅट्रिक्सच्या बाहेर गेलोच नाही! तो 2 म्हणजे काय, तर अंतर 2 वर असलेल्या कुठल्याही दोन कोपऱ्यांना बरोब्बर 2 सामायिक शेजारी असतात, जोडी कुठलीही घ्या. हीच तर सगळी गंमत आहे, मोजणीचा आकडा जोडीवर अवलंबून नसतो, फक्त जोडीमधल्या नात्यावर असतो. या आकड्यांना इंटरसेक्शन नंबर म्हणतात आणि या चार मॅट्रिक्सपासून जो अल्जेब्रा तयार होतो तो बोस-मेस्नर अल्जेब्रा. पुढे कुठल्याही पुस्तकात पानभर व्याख्या आली की हा घन समोर ठेवायचा आणि प्रत्येक अट त्यावर तपासायची, अर्ध्या गोष्टी तिथेच सुटतात.

पूर्वतयारी फार लागत नाही. लिनिअर अल्जेब्रा मात्र पक्का हवा, विशेषतः एक गोष्ट, की एकमेकांशी कम्यूट होणाऱ्या सिमेट्रिक मॅट्रिक्स एकाच वेळी डायगोनलाइझ होतात. हे प्रमेय ज्याला नीट कळलंय त्याला पुढचा अर्धा विषय ओळखीचा वाटतो आणि ज्याला नाही त्याला आयगेनव्हॅल्यूंचं कोष्टक आकाशातून पडल्यासारखं वाटतं. ग्रुपबद्दल ऑर्बिट म्हणजे काय एवढं माहीत असलं तरी सुरुवातीला चालतं.

आता पुस्तकं. ज्यांना एकदम मुळापासून, सावकाश, हात धरून नेणारं हवंय त्यांनी आर. ए. बेली यांचं 2004 मधलं केंब्रिजचं पुस्तक घ्या, नावच असोसिएशन स्कीम्स असं आहे. त्यात पहिल्याच प्रकरणात एकच व्याख्या तीन तऱ्हांनी दिलीय, आधी पार्टिशन म्हणून, मग रंगवलेला ग्राफ म्हणून, मग मॅट्रिक्स म्हणून, आणि मला वाटतं नवख्या माणसासाठी याहून चांगली सुरुवात नाही, कारण नंतर कुठलाही पेपर उघडा, तो या तीनपैकी एका भाषेतच बोलत असतो. लेखिका स्टॅटिस्टिक्सच्या आहेत त्यामुळे प्रयोगांची डिझाईन्स बरीच येतात, तुम्हाला त्यात रस नसेल तर तो भाग सोडून द्या, बिघडत नाही.

कॉम्बिनेटोरिक्स आधीच थोडं झालंय आणि फक्त एका बैठकीत विषयाचा अंदाज हवाय, तर व्हॅन लिंट आणि विल्सन यांच्या कॉम्बिनेटोरिक्सच्या पाठ्यपुस्तकाची दुसरी आवृत्ती, 2001 ची, त्यात असोसिएशन स्कीमवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. छोटं आहे पण दाट आहे, पेन घेऊन बसा.

ग्राफवाल्यांनी ख्रिस गॉडसिल यांच्याकडे वळावं. त्यांचं 1993 चं अल्जेब्रिक कॉम्बिनेटोरिक्स हे पुस्तक आहे, शिवाय असोसिएशन स्कीमवरच्या त्यांच्या लेक्चर नोट्स इंटरनेटवर फुकट मिळतात आणि त्या खूपच कामाच्या आहेत. त्याच्याही आधी गॉडसिल आणि रॉयल यांच्या 2001 च्या अल्जेब्रिक ग्राफ थिअरीतलं स्ट्राँगली रेग्युलर ग्राफचं प्रकरण वाचलं तर उत्तम, कारण स्ट्राँगली रेग्युलर ग्राफ (प्रत्येक बिंदूला सारखेच शेजारी, आणि दोन बिंदूंचे सामायिक शेजारी किती हे फक्त ते जोडलेत की नाही यावर ठरतं) म्हणजे दोन क्लासची, म्हणजे दोनच नात्यांची, सिमेट्रिक स्कीमच असते, म्हणजे सगळ्यात लहान पण खरी खरी केस. ब्राउअर आणि हेमर्स यांचं स्पेक्ट्रा ऑफ ग्राफ्स, 2012, याचीही पीडीएफ लेखकांनीच मोकळी ठेवलीय.

कोडिंगकडून येणाऱ्यांचा रस्ता माझ्या मते सगळ्यात सुंदर आहे. मॅकविल्यम्स आणि स्लोन यांच्या 1977 च्या जाड ग्रंथातलं 21 वं प्रकरण पूर्ण या विषयावर आहे. ते झालं की सरळ मूळ स्रोताकडे जा, फिलिप डेलसार्त यांचा 1973 चा प्रबंध. जुना आहे म्हणून घाबरू नका, शंभरेक पानांचाच आहे आणि आजही स्वच्छ वाचता येतो. कोडमध्ये जास्तीत जास्त किती शब्द मावतील याला लिनिअर प्रोग्रॅमिंगने वरची मर्यादा घालायची कल्पना त्यातलीच. तीच कल्पना गोलांच्या प्रश्नावर वापरून 1979 मध्ये 8 आणि 24 मितींमध्ये एका गोलाला जास्तीत जास्त किती गोल चिकटू शकतात हे सिद्ध झालं, 240 आणि 1,96,560. स्कीम शिकून काय मिळतं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. नंतर डेलसार्त आणि लेव्हेनश्टाइन यांचा 1998 चा सर्व्हे पेपर वाचा, मधल्या पंचवीस वर्षांत काय झालं ते त्यात आहे.

बन्नाई आणि इतो यांचं 1984 चं पुस्तक सगळ्यांच्या यादीत पहिलं असतं. ग्रंथ मोठाच आहे, वाद नाही, पण पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नका. तसंच ब्राउअर, कोहेन, नॉयमायर यांचं 1989 चं डिस्टन्स-रेग्युलर ग्राफ्स (घनासारखे ग्राफ, जिथे मोजणीचे आकडे फक्त अंतरावर ठरतात), ते संदर्भासाठी शेजारी ठेवायचं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं नव्हे. त्सीशांग (Zieschang) यांची पुस्तकं ग्रुप थिअरीच्या अंगाने जातात, ग्रुप आवडणाऱ्यांना ती पुढे नक्की आवडतील.

आणि व्याख्येतच सगळ्यात मोठा खड्डा आहे. बोस आणि शिमामोतो यांनी 1952 मध्ये असोसिएशन स्कीम हे नाव रूढ केलं तेव्हा सगळी नाती सिमेट्रिक होती, म्हणजे अ चं ब शी जे नातं तेच ब चं अ शी (कल्पना त्याहून जुनी, बोस आणि नायर यांच्या 1939 च्या पेपरमध्ये डिझाईनच्या आत दडलेली). डेलसार्तने सिमेट्रीची अट सैल केली पण कम्यूटेटिव्ह ठेवली, म्हणजे मॅट्रिक्सचा गुणाकार कुठल्याही क्रमाने केला तरी उत्तर तेच. त्सीशांग तर कम्यूटेटिव्हपणाही धरत नाहीत. म्हणजे एका पुस्तकातलं प्रमेय दुसऱ्या पुस्तकातल्या "असोसिएशन स्कीम"ला लागू होईलच असं नाही! म्हणून नवीन काहीही वाचायला घेतलं की पहिल्यांदा व्याख्येचं पान शोधा आणि वहीत लिहा, इथे स्कीम म्हणजे सिमेट्रिक, कम्यूटेटिव्ह की काहीच नाही. पीटर कॅमेरॉन यांनी कोहेरंट कॉन्फिगरेशन (स्कीमचीच आणखी सैल व्याख्या), असोसिएशन स्कीम आणि परम्युटेशन ग्रुप यांच्या संबंधांवर एक लेख लिहिलाय, हा नावांचा गुंता सोडवायला तो फार उपयोगी पडतो.

तसाच घोळ पी मॅट्रिक्सचा, म्हणजे आयगेनव्हॅल्यूंच्या कोष्टकाचा. काही ठिकाणी ते आडवं तर काही ठिकाणी उभं लिहितात.  5 वस्तूंमधून 2-2 च्या 10 जोड्या घेऊन होणारी जॉन्सन स्कीम घ्या (दोन जोड्यांमधलं नातं म्हणजे त्यांच्यात किती वस्तू सामायिक), तिच्या कोष्टकाच्या ओळी 1, 6, 3 मग 1, 1, उणे 2 आणि मग 1, उणे 2, 1. 1, 6, 3 या डिग्र्या आहेत, म्हणजे एकेका नात्यात एका बिंदूचे किती जोडीदार. त्या पहिल्या ओळीत दिसल्या तर एक पद्धत, पहिल्या उभ्या रांगेत दिसल्या तर दुसरी. दहा सेकंदांचं काम आहे पण यामुळे वाया जाणारे तास वाचतात.

शोधताना नुसतं "स्कीम" टाकलंत तर अल्जेब्रिक जॉमेट्रीमधल्या स्कीम समोर येतील, त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. त्यापेक्षा बोस-मेस्नर अल्जेब्रा, डिस्टन्स-रेग्युलर ग्राफ, कोहेरंट कॉन्फिगरेशन, शूर रिंग हे शब्द टाका. गणिताच्या विषय वर्गीकरणात या विषयाचा क्रमांक 05ई30 आहे, झेडबीमॅथ ओपन या गणिताच्या पेपरांच्या सूचीवर तो टाकून शोधलं की थेट कामाचे पेपर मिळतात आणि ते 2021 पासून सगळ्यांना फुकट आहे. पण सुरुवातीला सुट्या पेपरांच्या मागे लागू नका, सर्व्हे शोधा. मार्टिन आणि तनाका यांचा 2009 चा कम्यूटेटिव्ह स्कीमवरचा सर्व्हे आर्काइव्ह (arXiv) या पेपरांच्या मोफत साइटवर आहे, आणि व्हॅन डॅम, कूलेन, तनाका यांचा 2016 चा डिस्टन्स-रेग्युलर ग्राफवरचा सर्व्हे इलेक्ट्रॉनिक जर्नल ऑफ कॉम्बिनेटोरिक्समध्ये मोकळा आहे. दोन्हींमध्ये न सुटलेले प्रश्नही दिलेत, प्रोजेक्ट शोधणाऱ्यांनी ते आधी बघावेत.

कॉम्प्युटर जरूर वापरा. सेज आणि गॅप ही गणिताची सॉफ्टवेअर दोन्ही फुकट आहेत, गॅपमध्ये तर असोसिएशन स्कीमसाठी वेगळं पॅकेजच आहे. हानाकी आणि मियामोतो यांनी लहान स्कीमची वर्गवारी करून इंटरनेटवर ठेवलीय, ऑर्डर, म्हणजे बिंदूंची संख्या, 30 पर्यंतच्या सगळ्या त्यात आहेत, एखादं अनुमान खरं वाटलं की आधी तिथे आपटून बघायचं. ब्राउअर यांचं स्ट्राँगली रेग्युलर ग्राफचं कोष्टकही तसंच, कुठले आकडे शक्य, कुठले अशक्य, कुठले अजून अधांतरी, एका नजरेत दिसतं.

आपल्याला विषय कळायला लागलाय का हे बघायला माझी आवडती परीक्षा सांगतो. बुद्धिबळाचा 4 बाय 4 पट घ्या, एका घरातून हत्ती एका चालीत जिथे जाऊ शकतो ती घरं जोडा. 16 बिंदू, प्रत्येकाला 6 शेजारी, कुठल्याही दोन बिंदूंना 2 सामायिक शेजारी. आता सेजमध्ये श्रीखंडे ग्राफ मागवा, शरदचंद्र श्रीखंडे यांनी 1959 मध्ये दिलेला, तो तयार मिळतो. त्याचे आकडे अगदी तेच, आयगेनव्हॅल्यूही त्याच, 6, 2 आणि उणे 2. पी मॅट्रिक्सने दोघांत फरक करताच येत नाही. तरी दोन्ही ग्राफ वेगळे आहेत, हे कुठल्याही पुस्तकात न बघता सिद्ध करा. अडलात तर एकच बिंदू धरा आणि त्याचे 6 शेजारी आपापसात कसे जोडलेत ते कागदावर काढा, एकीकडे दोन सुटे त्रिकोण येतील आणि दुसरीकडे षटकोन.