सायकलस्वाराने मागून येणाऱ्या वाहनांचे भान कसे ठेवावे

सायकलस्वाराला समोरचा रस्ता दिसत असतो, पण त्याच्यापेक्षा तिप्पट-चौपट वेगाने धावणारी वाहने पाठीमागून येत असतात. सायकलचा वेग ताशी 20 किलोमीटर आणि मागच्या मोटारीचा 80 असेल, तर दोघांमधले 100 मीटरचे अंतर सुमारे 6 सेकंदांत संपते. तेवढ्या वेळात मागे पाहणे, हात दाखवणे आणि खड्डा चुकवण्यासाठी उजवीकडे सरकणे हे सारे उरकायचे म्हटले, तर घाई होते आणि घाईत सायकल हेलकावते. म्हणून मागच्या रहदारीची माहिती गरज पडण्याच्या आधीपासूनच गोळा करत राहावे लागते.

पहिली बातमी कान देतात. चढावर खालच्या गिअरमध्ये कण्हत येणारा ट्रक, एसटीचे इंजिन, ओल्या डांबरावरून सरसरत येणारी चाके यांचे आवाज थोड्या सवयीने वेगवेगळे ओळखू येतात. मात्र कानांवर किती विसंबावे याला मर्यादा आहे. समोरून वारा असला किंवा उतारावर वेग वाढला, की कानांत घोंघावणाऱ्या वाऱ्याखाली बाकीचे आवाज बुडून जातात. विजेवर चालणारी बस किंवा स्कूटर शहरातल्या संथ रहदारीत अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. सर्वांत फसवी गोष्ट अशी, की मोठ्या वाहनाच्या आवाजाआड त्याच्या मागचे लहान वाहन लपते. ट्रक निघून गेला म्हणून लगेच उजवीकडे सरकणाऱ्याला त्याच्या पाठोपाठ आलेली मोटार दिसलेलीच नसते. इअरफोन लावून रहदारीच्या रस्त्यावर सायकल चालवू नये, एका कानातलाही नको, कारण आवाज कोणत्या बाजूने येतो आहे हे कळायला दोन्ही कान मोकळे लागतात.

आरशाबद्दल अनेक सायकलस्वारांना उगाच संकोच वाटतो. तो सोडून द्यावा. आपल्याकडे वाहने उजवीकडून पुढे जातात, त्यामुळे आरसा हँडलच्या उजव्या टोकाला बसवावा. अमेरिकेत किंवा जर्मनीत सायकल चालवणाऱ्या वाचकांनी येथे सर्वत्र डाव्याचे उजवे आणि उजव्याचे डावे करून घ्यावे. आरसा लावताना सायकल उभी करून नव्हे, तर नेहमीच्या पवित्र्यात सीटवर बसून, कोणाला तरी सायकल धरायला सांगून जुळवावा. आतल्या कडेला स्वतःच्या कोपराचा किंवा कमरेचा जरासा भाग आणि मध्यावर मागचा रस्ता दूरपर्यंत दिसला पाहिजे. हे आरसे बहुधा बहिर्गोल असतात. त्यांत रस्त्याचा रुंद पट्टा मावतो, परंतु वाहन प्रत्यक्षात असते त्याहून लहान आणि लांब भासते. शिवाय अगदी शेजारी आलेली दुचाकी आरशाच्या कक्षेबाहेर गेलेली असते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातही अजून आलेली नसते. सपाट, मोकळ्या रस्त्यावर काही सेकंदांच्या अंतराने आरशात ओझरती नजर टाकत राहावी, मात्र जागा बदलण्याचा निर्णय केवळ आरशावर घेऊ नये.

तो निर्णय मान वळवूनच घ्यायचा, आणि हे कौशल्य मुद्दाम शिकावे लागते. नवशिक्या सायकलस्वाराने उजवीकडे मागे पाहिले, की खांद्याबरोबर हँडलही उजवीकडे ओढले जाते आणि जे वाहन आहे का हे तो पाहत असतो, त्याच्याच वाटेत तो जातो. त्यावर उपाय असा: आधी समोर खड्डा, गतिरोधक किंवा माणूस नाही याची खात्री करावी, कारण ताशी 20 किलोमीटर वेगाने एका सेकंदाच्या नजरेतही सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. मग कोपरे सैल ठेवून हनुवटी उजव्या खांद्याकडे न्यावी. तरीही हँडल ओढले जात असेल, तर उजवा हात सोडून मांडीवर ठेवावा, म्हणजे धड मोकळेपणाने वळते. मोकळ्या मैदानावर एखाद्या सरळ पांढऱ्या रेषेवरून सायकल चालवावी, मागे उभ्या असलेल्या मित्राने बोटे दाखवावीत आणि आपण रेषा न सोडता किती बोटे होती ते सांगावे. हे सहज जमेपर्यंत महामार्गाकडे वळू नये.

खड्डा किंवा उभी मोटार दुरून दिसताच आरशात पाहावे, मान वळवून खात्री करावी, हात दाखवावा, पुन्हा एकदा पाहावे आणि मगच हळूहळू उजवीकडे सरकावे. मागे वळलेला चेहरा मागच्या चालकालाही दिसतो व सायकल आता हलणार आहे हे त्याला उमगते. जागा मिळाली नाही, तर वेग कमी करून थांबावे.

पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगामात एक वेगळी खबरदारी घ्यावी लागते. उसाच्या ट्रॅक्टरमागे बहुधा दोन ट्रॉल्या असतात, ऊस बाजूंना बाहेर आलेला असतो आणि मागची ट्रॉली पुढचीच वाट धरेल असे नाही. ट्रॅक्टर शेजारून गेला म्हणजे वाहन गेले असे समजू नये. दुसरी ट्रॉली पूर्ण पुढे जाईपर्यंत डावीकडेच राहावे, आणि साइडपट्टी चांगली असेल तर आधीच तिच्यावर उतरावे.

रात्री मागच्या वाहनाचे दिवे आपली सावली पुढे पाडतात. वाहन उजवीकडून ओलांडणार असेल, तर ते जवळ येईल तशी सावली डावीकडे सरकत जाते. ती सरळ समोरच राहून आखूड होत असेल, तर वाहन आपल्याच रेषेत येत आहे आणि रस्त्याच्या कडेला उतरायला हवे.

सीटखाली बसवायचे रडारही आता मिळते. गार्मिनने 2015 मध्ये आणलेल्या वारिया मालिकेतील उपकरणे सुमारे 140 मीटर अंतरावरून येणारे वाहन टिपून इशारा देतात. मोकळ्या राज्यमार्गावर त्यांचा खरा उपयोग होतो. पण आपल्याच वेगाने मागे रेंगाळणारे वाहन त्यांच्या पडद्यावरून नाहीसे होऊ शकते, आणि आलेले वाहन किती अंतर सोडून जाणार आहे हे रडार सांगत नाही. शहरातल्या गर्दीत तर ते इतके वाजत राहते, की त्याकडे लक्ष देणे सुटते.

गटाने जाताना सर्वांत मागच्या सायकलस्वाराने ‘मागून ट्रक’ अशी स्पष्ट हाक द्यावी आणि ती प्रत्येकाने पुढे पोहोचवावी. ताम्हिणीसारख्या वळणावळणाच्या घाटात ही जबाबदारी अनुभवी व्यक्तीकडे द्यावी. हाक ऐकू आली की रांग एकेरी करावी, पण हाक आली नाही म्हणून मान वळवल्याशिवाय रांगेबाहेर पडू नये.