परतीच्या भाड्याने सावरलेला हिशेब

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरहून सिमेंट भरून अमरावतीकडे गेलेला माझा ट्रक परतताना रिकामाच येत असे आणि भाड्यातला नफा डिझेलमध्येच जिरत असे. म्हणून भाडे ठरवताना मी जाण्यायेण्याचे पूर्ण अंतर धरू लागलो आणि डिझेल, टोल, टायरची झीज, हप्ता व विमा यांच्या जोडीला चालक म्हणून माझी मजुरीही खर्चात मांडली. मालकच गाडी चालवतो म्हणून ती फुकट धरण्याची आपल्याकडची रीत मला पटत नाही. आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यातून धरलेल्या संत्र्यांच्या तोडणीच्या हंगामात आता वरुडहून चंद्रपूरकडे संत्र्याचे क्रेट मिळतात, मात्र हौद्यातली सिमेंटची भुकटी कोपऱ्यांतून झाडून कोरडी ताडपत्री अंथरल्याशिवाय बागायतदार माल चढवू देत नाहीत. परतीचे भाडे कमी असले, तरी डिझेल व टोल वजा जाता काही उरत असेल तर मी ते घेतो.