मेमकॉपी मोजण्याआधी कागद-पेन्सिल घ्या

आमच्या टीममध्ये अधूनमधून कोणीतरी स्वतः लिहिलेला मेमकॉपी (मेमरीतल्या एका जागेतले, म्हणजे बफरमधले, बाइट दुसऱ्या बफरमध्ये नेणारं सी भाषेतलं फंक्शन) घेऊन येतं. ‘जीलिबसीपेक्षा दुप्पट पळतोय!’ (जीलिबसी म्हणजे लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी.) मी कोड लगेच उघडत नाही. आधी विचारते: आकडा किती, बफर केवढा, आणि या मशीनवर जास्तीत जास्त किती येऊ शकतं? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर नसतं. खरं तर मोजमाप तिथूनच सुरू करायचं असतं. उत्तर कुठल्या टप्प्यात यायला हवं हे आधी मांडलं नसेल, तर समोर आलेला कुठलाही आकडा खराच वाटतो.

माझ्या टेबलावरचं मशीन इंटेल आय-7 8700 चं आहे. त्यात डीडीआर4-2666 मेमरीचे दोन चॅनल आहेत. एका चॅनलचे सेकंदाला 21.3 गिगाबाइट, म्हणजे दोन्ही मिळून 42.6. आता मोठा बफर साध्या सूचनांनी कॉपी केला, तर प्रत्येक बाइटमागे मेमरीच्या तीन फेऱ्या होतात. स्रोत वाचायचा, लक्ष्याची कॅशलाइन (प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीतला, म्हणजे कॅशमधला, एक तुकडा) लिहिण्याच्या मालकीसाठी आधी आत आणायची, आणि शेवटी ती बाहेर लिहायची. म्हणून कॉपीची कमाल 42.6 भागिले 3, साधारण 14.2. कॅशला वळसा घालणाऱ्या नॉन-टेम्पोरल सूचना वापरल्या तर मधली फेरी वाचते आणि कमाल 21.3 होते. एकटा कोअर बहुधा एवढंही गाठत नाही. छोट्या बफरसाठी हिशेब वेगळा. या पिढीचा कोअर एका सायकलला (घड्याळाच्या एका ठोक्याला) 32 बाइटचा एकच स्टोअर (मेमरीत लिखाण) करू शकतो. टर्बो (आपोआप वेग वाढवणं) बंद करून 3.2 गिगाहर्ट्झवर ठेवला, तर एल-1, म्हणजे सर्वांत जवळच्या, कॅशमधल्या कॉपीची कमाल 102.4 गिगाबाइट. हे दोन-तीन आकडे वहीत लिहा आणि मगच प्रोग्रॅम चालवा.

4 किलोबाइटच्या बफरवर 300 आलं? मग कॉपी झालेलीच नाही. लक्ष्य बफर पुढे कोणी वाचत नाही हे कम्पायलरला दिसलं, की तो लिखाण सरळ उडवतो. मेमसेट (बफर एकाच मूल्याने भरणारं फंक्शन) तर फारच सहज उडतो. यावर उपाय म्हणजे कॉपीनंतर एक रिकामं इनलाइन असेम्ब्ली विधान टाकायचं, बफरचा पॉइंटर त्याला द्यायचा आणि ‘मेमरी’ क्लॉबर लावायचा, म्हणजे मेमरी वाचली-बदलली जाऊ शकते असं कम्पायलर धरून चालतो. गूगल बेंचमार्क या मोजमापाच्या लायब्ररीमधली ‘डू-नॉट-ऑप्टिमाइझ’ आणि ‘क्लॉबर-मेमरी’ ही फंक्शनं यासाठीच आहेत. लांबी स्थिर दिली असेल, समजा 16, तर फंक्शन कॉल होतच नाही, त्या जागी एक-दोन मूव्ह सूचना येतात. म्हणून लांबी चालू प्रोग्रॅममध्ये ठरू द्या.

याहून गमतीची गोष्ट उलट बाजूने घडते. तुम्ही बाइट-बाइट कॉपीचा साधा लूप लिहिता, जीसीसी कम्पायलर तो ओळखतो आणि त्या जागी मेमकॉपीचा कॉल घालतो. मग तुम्ही जीलिबसीची तुलना जीलिबसीशीच करत बसता आणि ‘माझा साधा लूपही तेवढाच वेगवान’ असं जाहीर करता! (हाच लूप मेमकॉपी नावाच्या फंक्शनमध्ये असेल तर ते स्वतःलाच हाक मारत राहतं.) ऑब्जडम्पने (बायनरीतल्या सूचना दाखवणाऱ्या साधनाने) बायनरी उघडून लूपच्या आत नक्की काय आहे ते बघितल्याशिवाय एकही आकडा कोणाला दाखवू नका.

वेडावाकडा आकडा निदान लगेच पकडता येतो. पटण्यासारखा खोटा आकडा त्रास देतो. त्यातला माझा सर्वांत नावडता असा: एक गिगाबाइटचे दोन बफर मॅलॉकने (मेमरी मागणाऱ्या फंक्शनने) घेतले, लक्ष्याला एकदा हात लावला, स्रोतात काहीच लिहिलं नाही. लिनक्स अशा न लिहिलेल्या जागेला वेगळी मेमरी देत नाही. वाचायला गेलात की सगळ्या पेजांमागे (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांमागे) शून्यांनी भरलेलं एकच 4 किलोबाइटचं पेज उभं करतो. म्हणजे तुमचा गिगाबाइटचा स्रोत प्रत्यक्षात एल-1 मध्ये मावतो! वाचनाची फेरी गायब होते आणि आकडा फुगतो, पण इतकाही नाही की कोणाला शंका यावी. कॅलॉकनेही (शून्यांनी भरलेली मेमरी देणाऱ्या फंक्शननेही) हेच होतं. ट्रान्सपरंट ह्यूजपेज (कर्नलने आपोआप मोठी पेजं देणं) चालू असेल तर ते शून्य-पेज 2 मेगाबाइटचं असू शकतं, मग फुगवटा आणखी निराळा. म्हणून दोन्ही बफरांच्या प्रत्येक पेजवर शून्य सोडून दुसरं काहीतरी लिहा आणि नंतरच घड्याळ लावा. लक्ष्याला आधी स्पर्श केला नाही तर उलटं होतं, तुम्ही कॉपी नव्हे, कर्नलचे पेज फॉल्ट (पेजला पहिल्यांदा हात लावताना मेमरी जोडून देण्याचं काम) मोजता. पर्फ स्टॅट या लिनक्सच्या मोजणी-साधनात पेज-फॉल्ट बघा. मोजणीच्या भागात ते वाढत असतील तर थांबा.

मशीन शांत करण्याबद्दल थोडक्यात. सीपीयूपॉवरने गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारं धोरण) ‘परफॉर्मन्स’वर न्या, नो-टर्बो फाइलमध्ये 1 लिहा, टास्कसेटने प्रोसेस एका कोअरवर बांधा, आणि त्याच कोअरचा जोडीदार हायपरथ्रेड (त्याच कोअरवर चालणारा दुसरा धागा) मोकळा ठेवा. लॅपटॉप टाळाच. एप्रिलमध्ये पुण्यातल्या दुपारी पातळ लॅपटॉपवर घेतलेला आकडा बऱ्याचदा कोडपेक्षा पंख्याबद्दल जास्त सांगतो.

खरा वेळ छोट्या आकारांवर घालवा, कारण प्रोग्रॅममधले बहुतेक कॉल काही डझन बाइटांचे असतात. 32 बाइटच्या एका कॉपीला थोड्याच सायकल लागतात, आणि टाइमस्टॅम्प काउंटर (प्रोसेसरमधलं घड्याळ) वाचायलाच त्याहून जास्त लागतात. म्हणून एकेक कॉल मोजता येत नाही, हजारोंचा गठ्ठा मोजावा लागतो. पण गठ्ठ्यात सतत 32 हीच लांबी दिली, तर मेमकॉपीच्या आतल्या फांद्या ब्रँच प्रेडिक्टरला (पुढे कुठली फांदी घेतली जाईल याचा अंदाज बांधणाऱ्या प्रोसेसरच्या भागाला) तोंडपाठ होतात आणि प्रत्येक कॉल फुकट वाटू लागतो. लांब्या मिसळा, आणि मनाने नको, तुमच्याच प्रोग्रॅममधून घ्या. बीपीएफट्रेस या साधनाने जीलिबसीच्या फंक्शनवर युप्रोब (चालू प्रोग्रॅममधला टेहळणीचा बिंदू) लावून तिसऱ्या आर्ग्युमेंटचा, म्हणजे लांबीचा, हिस्टोग्रॅम काढता येतो, फक्त डीबग सिम्बॉल हवेत. नावामुळे गोंधळू नका. मेमकॉपी म्हणून केलेला कॉल अशा मशीनवर बहुधा ‘मेममूव्ह’ने सुरू होणाऱ्या आणि ‘एव्हीएक्स’, ‘ईआरएमएस’ अशी शेपटं असलेल्या फंक्शनात पोचतो. प्रोसेसर बघून त्यातला प्रकार लोड होताना निवडला जातो. इनलाइन झालेले कॉल या हिस्टोग्रॅममध्ये येत नाहीत, पण त्यांना तुमच्या नव्या फंक्शनाने काही फरकही पडणार नाही.

हिस्टोग्रॅममधून लांब्यांची यादी बनवा, ती ढवळून एका ॲरेत ठेवा आणि लूप त्यातून लांबी उचलू दे. ॲरे पुरेसा मोठा हवा, छोटा असेल तर प्रेडिक्टर तोही पाठ करतो. एकमेकांवर अवलंबून नसलेले कॉल प्रोसेसर एकावर एक चढवतो, त्यामुळे हा आकडा थ्रूपुटचा (ठरावीक वेळात एकूण किती काम झालं याचा) असतो. कॉपी झालेलं लगेच वाचायचं असेल, जसं पॅकेटचं हेडर उचललं आणि फील्ड तपासली, तर लेटन्सी (एक कॉपी पूर्ण होऊन हाती यायला लागणारा वेळ) हवी. त्यासाठी कॉपी झालेल्या बाइटवरून पुढच्या कॉलचा पत्ता ठरवा, म्हणजे साखळी तयार होते. इथे निकाल कधी कधी पार उलटतो. दोन 8-बाइट स्टोअरने लिहिलेलं एका 16-बाइट लोडने वाचलं, तर स्टोअर-फॉरवर्डिंग (नुकतं लिहिलेलं थेट वाचनाला देण्याची सोय) अडखळतं, आणि थ्रूपुटमध्ये पहिला आलेला मागे पडतो.

पत्तेही फिरवायला हवेत. मॅलॉक मोठे बफर थेट एम-मॅपने (कर्नलकडून पूर्ण पेजं मागून) घेतो, त्यामुळे त्यांचे खालचे 12 बिट सारखेच येतात. इंटेलच्या प्रोसेसरवर 4 किलोबाइटच्या पटीत जवळपास जुळणारे पत्ते खोटं अवलंबित्व तयार करतात आणि लोड उगाच थांबतो. स्रोत आणि लक्ष्य 0 ते 63 बाइटांनी वेगवेगळे सरकवून बघा. एकाच सरकवणीवर जिंकणारा कोड मी स्वीकारत नाही.

निकाल देताना सरासरी नको. मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या, सोबत चतुर्थक द्या. जुना आणि नवा कोड आलटून-पालटून चालवा. आधी सगळा जुना, मग सगळा नवा असं केलं तर तापमानातला फरक कोडच्या नावावर जमा होतो. 2009 मधल्या एका शोधनिबंधाने दाखवलं होतं की एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलांचा (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगांचा) एकूण आकार बदलला तरी स्टॅक सरकतो आणि वेळ बदलतो. म्हणून तीन टक्क्यांच्या विजयासाठी मी वेगवेगळ्या एन्व्हायरन्मेंट आणि लिंकिंग क्रमांवर घेतलेली मोजणी मागते.

आणि वेगाआधी अचूकता. 2010 मध्ये फेडोरा 14 या लिनक्समधला नवा मेमकॉपी काही प्रोसेसरांवर शेवटाकडून सुरुवातीकडे कॉपी करू लागला आणि ॲडोबी फ्लॅशचा (ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणाऱ्या प्लगइनचा) आवाज बिघडला. फ्लॅश एकमेकांवर चढलेल्या बफरांवर मेमकॉपी वापरत होता. नियमाप्रमाणे चूक फ्लॅशची, पण लोकांना तुटलेलं दिसलं ते फेडोरा. तुमच्या चाचणीत बफरच्या दोन्ही टोकांना एम-प्रोटेक्टने बंद केलेली पेजं ठेवा, म्हणजे एक बाइटही पुढे-मागे गेला तर प्रोग्रॅम तिथेच पडेल.

शेवटची परीक्षा पूर्ण प्रोग्रॅमवर. लांबलचक उलगडलेला मेमकॉपी छोट्या बेंचमार्कमध्ये आख्खी इन्स्ट्रक्शन कॅश एकटा वापरतो, खऱ्या प्रोग्रॅममध्ये तो इतरांचा कोड बाहेर ढकलतो. नॉन-टेम्पोरल कॉपी स्वतः झटपट संपते, पण पुढच्या फंक्शनला तोच डेटा मेमरीतून पुन्हा ओढावा लागतो. म्हणून नवा कोड लिहिण्याआधी जीलिबसीची नॉन-टेम्पोरल सीमा आणि ‘रेप मूव्हएसबी’ची (प्रोसेसरच्या एका कॉपी-सूचनेची) सीमा ट्यूनेबलमधून (बाहेरून बदलता येणाऱ्या सेटिंगांमधून) बदलून बघा. कम्पाइल न करता हे जमतं. तेवढ्यावर काम झालं तर तो पॅच मी आनंदाने घेते: दोन ओळींचा असतो, आणि सोबत प्रोसेसर, मायक्रोकोड, कर्नल, जीलिबसीची आवृत्ती आणि लांब्यांचा हिस्टोग्रॅम लिहिलेला असला की झालं.