मंडळाचे दोनशे बिल्ले: आधी चित्राची चौकशी, मग मशीन

गणपतीच्या आधीचा महिना म्हणजे बिल्ले बनवणाऱ्यांची सुगी. मंडळाचा कार्यकर्ता व्हॉट्सॅपवर एक फोटो पाठवतो आणि म्हणतो, "हाच टाका, दोनशे पाहिजेत, परवा द्या." अशा वेळी दर सांगण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हे चित्र कुणी काढलंय? चकती, म्हणजे बिल्ल्यात बसणारा चित्राचा गोल कागद, चुकली तर एक बिल्ला वाया जातो. चित्र दुसऱ्याचं निघालं तर सगळी ऑर्डर अडकते, आणि तीही उत्सवाच्या तोंडावर.

मूर्तीचा फोटो असेल तर त्यावर फोटोग्राफरचा हक्क असतो. मूर्तीच्या घडणीवर मूर्तिकाराचा हक्क असू शकतो. "फोटो आमच्याच बाप्पाचा आहे" एवढ्यानं काम भागत नाही. मंडळानं पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा पहिला मालक मंडळच ठरतं. पण मंडळासाठी बाहेरच्या कलाकारानं लोगो केला असेल तर हा नियम तसाच लागू होत नाही. तिथे हक्क कलाकाराकडे राहतो आणि तो लेखीच घ्यावा लागतो. लोगोचे पैसे दिले म्हणजे हक्कही मिळाला, असं बहुतेक मंडळांना वाटतं, म्हणून हे त्यांना नीट समजावून सांगा.

जुन्या चित्रांचा हिशोब सोपा आहे. चित्रकाराच्या मृत्यूचं वर्ष घ्या आणि त्यात 60 मिळवा. त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत हक्क चालू असतो. राजा रविवर्मा 1906 मध्ये गेले, त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली. दीनानाथ दलाल 1971 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क 2031 संपेपर्यंत आहे. रघुवीर मुळगावकर 1976 मध्ये गेले, त्यांचा 2036 संपेपर्यंत. घराघरातल्या कॅलेंडरवरची देवादिकांची चित्रं बघून मोठे झालो म्हणून ती सगळ्यांची होत नाहीत. तुकोबांचा अभंग बिल्ल्यावर खुशाल टाका, पण एखाद्या सुलेखनकारानं तो लिहिलेला असेल तर ती अक्षरं त्याची आहेत. तोच अभंग मोकळ्या फॉन्टमध्ये स्वतः जुळवा. 'मुक्ता' आणि 'बलू' हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, छापील विक्रीच्या मालावर चालतात.

"थोडा रंग बदलला की चालतं", "नेटवर होतं", "खाली नाव टाकलंय" या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे कलाकारानं ठरावीक अटींवर सगळ्यांना वापरायला दिलेलं चित्र घेतलं तर परवाना पूर्ण वाचा. त्यात विनाव्यावसायिक अशी अट असेल तर विक्रीसाठी ते बाद. बदल करू नका अशी अट असेल तर गोलात कापणंही धोक्याचं. फक्त नाव द्या अशी अट असेल तर बिल्ल्याखालच्या पुठ्ठ्यावर नाव छापा. कार्टूनमधली पात्रं आणि क्रिकेट संघांची बोधचिन्हं परवानगीशिवाय घेऊच नका. तिथे कॉपीराइटच्या जोडीला ट्रेडमार्कही येतो. "मी फक्त छापून दिलं" हे उत्तर टिकत नाही, कारण प्रत काढणं हाच मुळात हक्कभंग आहे. जाणूनबुजून केल्यास 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड अशी तरतूद आहे.

आणखी एक गोष्ट कॉपीराइटच्या बाहेरची आहे, पण याच धंद्यात हमखास येते. राजमुद्रेचे सिंह बिल्ल्यावर घेऊ नका, त्यासाठी 2005 चा वेगळा कायदा आहे. 1950 च्या बोधचिन्हं आणि नावांच्या कायद्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्रही आहे. व्यापारासाठी ते वापरायला केंद्र सरकारची परवानगी लागते. शिवजयंतीला महाराजांचे बिल्ले सर्रास दिसतात, तरी प्रायोजकाच्या दुकानाची जाहिरात महाराजांच्या चित्राशेजारी मागितली तर स्पष्ट नाही म्हणा.

चित्राचा प्रश्न मिटला की फाइल. 58 मिमीच्या बिल्ल्याला साधारण 70 मिमीची चकती लागते. मशीनप्रमाणे एक-दोन मिमी फरक पडतो, म्हणून आधी मोजा. कडेचा कागद आत दुमडला जातो, त्यामुळे अक्षरं मधल्या 50 मिमीच्या गोलातच ठेवा, नाहीतर "मंडळ"चा "ळ" वळणावर जातो. पार्श्वभूमीचा रंग मात्र 70 मिमीपर्यंत भरलेला हवा. 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) हे सुमारे 830 बाय 830 पिक्सेल होतात. व्हॉट्सॅपवर चित्र डॉक्युमेंट म्हणून मागवा, फोटो म्हणून पाठवलं की ते दबतं.

12 बाय 18 इंचांच्या शीटवर अशा 24 चकत्या बसतात. 200 बिल्ल्यांसाठी 9 शीट म्हणजे 216 चकत्या. वरच्या 16 चाचणीला आणि खराबीला पुरतात. टोपी (पत्र्याचा पुढचा भाग), फिल्म (वरचा पारदर्शक प्लास्टिकचा गोल) आणि पिनचे मागचे भागही तेवढेच ठेवा. कागद 90 ते 130 जीएसएम (हा कागदाच्या वजनाचा आकडा, जास्त म्हणजे जाड). प्रेसवाल्याला हे मुद्दाम सांगा, नाहीतर तो सवयीनं व्हिजिटिंग कार्डाचा 300 चा कागद घालतो आणि मशीन तो वळवू शकत नाही. लॅमिनेशन करू नका, वर फिल्म बसणारच आहे. इंकजेटवर घरी छापलं असेल तर चकत्या रात्रभर वाळू द्या. पावसाळ्यात ओल्या शाईची वाफ फिल्मखाली धुकं धरते.

आता मशीन. पहिल्या साच्यात पत्र्याची टोपी, फुगीर बाजू वर. तिच्यावर चकती, चित्र वर. त्यावर फिल्म, एकच. फिल्म एकमेकींना चिकटून दोन-दोन येतात, म्हणून प्रत्येक वेळी बोटांत चोळून बघा. दांडा पूर्ण खाली दाबा. वर सोडल्यावर साचा रिकामा दिसला पाहिजे, कारण तिन्ही वस्तू वरच्या डायमध्ये, म्हणजे दाबणाऱ्या भागात, गेल्या आहेत. साचा फिरवून दुसऱ्यात मागचा भाग ठेवा, पिन खाली. पुन्हा दाबा, बिल्ला तयार.

मशीन अडकण्याचं नेहमीचं कारण एकच: वरच्या डायमध्ये एक टोपी असताना घाईत पहिल्याच साच्यावर दुसऱ्यांदा दाबणं. अडकलं तर दांड्याला लटकू नका, डाय उघडून टोपी काढा. मागची कड उघडी राहत असेल तर फिल्म दोन आहेत किंवा कागद जाड आहे. कडेला पांढरी चंद्रकोर दिसली तर चकती मधोमध बसलेली नाही. एका बाजूला सुरकुती आली तर चकती मोठी कापली गेली आहे. पहिले तीन बिल्ले करून चित्र सरळ धरल्यावर मागची पिन आडवी बसते का बघा आणि साच्यावर मार्करनं खूण करा. टोप्या हवाबंद डब्यात ठेवा, दमट हवेत कडा गंजतात.

प्रत्येक ऑर्डरचा एक बिल्ला, फाइल आणि परवानगीचा कागद एकत्र पाकिटात ठेवा. कागदावर चित्र कोणतं, किती नग, कोणत्या मंडळासाठी आणि किती काळासाठी हे लिहून कलाकाराची सही घ्या. काळ लिहिला नाही तर कायदा तो 5 वर्षांचा धरतो, जागा लिहिली नाही तर भारतापुरता. पुढच्या वर्षी तेच मंडळ "मागचेच करा" म्हणत आलं की आधी पाकीट उघडून ती तारीख बघा.