चिखलमोटरचं हँडल हलकं चालावं म्हणून: हंगामाआधीची तयारी

पावसाळा सरला, तापीवरच्या हतनूर धरणाच्या 41 दरवाजांमधून जाणारं पाणी थांबलं आणि फुगवटा, म्हणजे धरणामागे साचलेलं पाणी, मागे चांगदेवपर्यंत शांत पसरला, की होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते. पूर्णा येताना काळ्या मातीचा गाळ घेऊन येते आणि तो याच फुगवट्यात बसतो. वरून पाणी सगळीकडे सारखंच दिसतं, पण खाली कुठे पुरुषभर खोल, तर कुठे जेमतेम गुडघाभर. होडीच्या मागे टांगायची साधी आउटबोर्ड मोटर इथे फार टिकत नाही. तिचा पाय खोल जातो आणि इंजिन थंड ठेवायला ती जे पाणी ओढते त्याच्यासोबत गाळही ओढते. म्हणून लांब दांड्याची, हवेवर थंड होणारी चिखलमोटर. नर्मदेच्या बाजूला, सरदार सरोवराच्या खोल पाण्यात, तिची गरज नाही. तिथे आउटबोर्डच बरी. पण हतनूर, उकाईचा नवापूरकडचा फुगवटा, प्रकाशा-सारंगखेड्याच्या बॅरेजचं उतरतं-चढतं पाणी, या सगळ्या जागा चिखलमोटरच्याच.

तिच्याबद्दल सगळ्यांची तक्रार मात्र एकच असते. हँडल एका बाजूला ओढतं, तासाभरात खांदा भरून येतो, आणि वळवायला गेलं की होडी वळायच्या आधी घसरते. दिवसभर जाळी टाकणाऱ्या माणसाला हा त्रास रोजचा होतो आणि तो निमूट सोसतो, कारण ‘ही मोटर अशीच असते’ असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. मोटर अशी नसते. ती नीट बसवली तर हँडल दोन बोटांवर चालतं. फक्त काम क्रमाने करावं लागतं: आधी इंजिन आणि दांडा, मग होडीतलं वजन, मग उंची आणि कोन, मग पिना, आणि सगळ्यात शेवटी पंख्यामागची पट्टी. बहुतेक जण उलटीकडून सुरू करतात. पट्टी वाकवतात नाहीतर पाण्यात फिरून होडी ढकलणारा पंखाच मोठा लावतात, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना येतं. होंडाचं 196 सीसीचं जीएक्स 200 असेल तर ऑइल 0.6 लिटर, 10डब्ल्यू-30, आणि प्लगचा गॅप 0.7 ते 0.8 मिलिमीटर. ऑइल बघताना इंजिन सपाट जमिनीवर ठेवा. होडीवर तिरकं लटकलेलं असताना घेतलेलं माप खोटं असतं. चार महिने मोटर शेडमध्ये पडून होती, तेव्हा सायलेन्सरच्या तोंडात आणि सिलिंडरच्या पंखपट्ट्यांमध्ये कुंभारमाशीने मातीचं घरटं केलंय का ते नक्की बघा. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला त्या फटी मोकळ्या लागतात. एअर फिल्टर झटकून भागत नाही, आपल्याकडची धूळ पिठासारखी बारीक असते; फोम असेल तर धुऊन, वाळवून, ऑइलचा हात लावून बसवा.

दांड्याला मात्र वेळ द्या. शेपटाकडच्या, म्हणजे पंख्याच्या टोकाकडच्या, निपलमधून ग्रीस गनने ग्रीस भरा आणि जुनं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत थांबू नका. बाहेर येणारं ग्रीस दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय, सील बदलायलाच हवं. मग पंखा हाताने धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. खटखट जाणवली तर दांडा ज्यात फिरतो तो बुश झिजलाय. असा दांडा फिरताना थरथरतो आणि ती थरथर सरळ हँडलमध्ये येते. पुढे कितीही समायोजन केलं तरी हात सुन्न होणारच. पंखा एकदा काढूनच बघा. जाळ्याचा नायलॉन धागा पंख्यामागे गुंडाळला जातो, तापून घट्ट बसतो आणि सील कापतो. बाहेरून तो दिसत नाही. पात्यांच्या कडा वाकल्या असतील तर ठोकून सरळ करा, कानसीने खरवडे काढा, आणि पंखा आडव्या गुळगुळीत सळईवर अडकवून फिरवा. प्रत्येक वेळी तेच पातं खाली येऊन थांबत असेल तर ते जड आहे. त्याच्या मागच्या बाजूने थोडं घासा. इंजिन पूर्ण रेस देऊनही आवाज चढत नसेल, दबल्यासारखा राहत असेल, तर पंख्याचा पिच, म्हणजे पात्यांचा पीळ, त्या इंजिनाला जास्त आहे. जोर कमी पडतो म्हणून आणखी मोठा पंखा लावणं म्हणजे दुखणं वाढवणं.

आता होडी. तळात साचलेलं पाणी आधी उपसा, कारण ते वळणावर एका बाजूला धावतं आणि होडी घसरते ती पुष्कळदा त्याच्यामुळेच. फायबरच्या दुहेरी तळाच्या होडीत आत पाणी मुरलंय का, हे तळ ठोकून ऐकावं. भरलेल्या जागेचा आवाज बद्द येतो. नंतर वजन. मागे इंजिन, मागेच चालवणारा माणूस, आणि सवयीने पेट्रोलचा कॅनही मागेच. मग पुढचं टोक वर उचललं जातं, वाऱ्यावर भरकटतं आणि वेग घेतला की होडी डुलक्या मारत चालते. कॅन पुढे न्या, नळी लांब लावा. जाळी आणि बर्फाचा खोका मध्यापासून पुढे ठेवा. चालवणारा हँडलच्या ज्या बाजूला बसतो त्याच्या विरुद्ध बाजूला काहीतरी जड हवं; एका बाजूला कललेली होडी सरळ न जाता एकीकडे वळत राहते आणि शिव्या मोटर खाते. किती वजन कुठे हवं ते ठरवायला 20 लिटरचे पाण्याचे जार उत्तम. एक जार म्हणजे 20 किलो, तो सरकवत जायचा आणि जिथे होडी समतोल बसली तिथे खूण करायची. नंतर तिथे रोजचं सामान ठेवायचं.

उंची आणि कोन हा या सगळ्याचा गाभा आहे. मीटर टेप घ्या. होडी नेहमीच्या वजनासह पाण्यात असताना, मोटर ज्या आडव्या पिनेवर वर-खाली होते ती पिन पाण्यापासून किती उंच आहे ते मोजा. त्या पिनेपासून पंख्यापर्यंतची लांबी मोजा. समजा दांडा 150 सेंटिमीटर आहे, पिन पाण्याच्या 40 सेंटिमीटर वर आहे आणि पंख्याचा मध्य पाण्याखाली 10 सेंटिमीटर हवाय. म्हणजे दांड्याला 50 सेंटिमीटर उतरायचंय. कोन झाला साधारण साडेएकोणीस अंश. आता मागच्या फळीवरचा ब्रॅकेट 10 सेंटिमीटर खाली घेतला तर उतार 40 सेंटिमीटरचा राहतो आणि कोन साडेपंधरा अंशांवर येतो. चार अंश ऐकायला काहीच नाहीत, पण फरक दोन्हीकडे पडतो. दांडा जितका तिरका, तितका पंख्याचा जोर होडीला पुढे ढकलण्याऐवजी तिची पिछाडी वर उचलण्यात जातो; पुढचं टोक पाण्यात दबतं आणि होडी नाकावर वळल्यासारखी अचानक फिरते. दुसरं, दांडा इंजिनाला थेट जोडलेला असेल तर इंजिनही तेवढंच तिरकं चालतं, आणि होंडाच्या या इंजिनांना सतत चालताना 20 अंशांपेक्षा जास्त तिरकेपणा चालत नाही, ऑइल नीट पोचत नाही. म्हणजे फळी उंच ठेवली तर हँडलही बिघडतं आणि इंजिनही. कोन मोजायला मोबाईलमधलं लेव्हलचं अ‍ॅप पुरतं. मोबाईल दांड्यावर सरळ ठेवायचा, बस. मात्र ब्रॅकेट खाली घेताना मागून लाट आत येणार नाही एवढी उंची राखा. हतनूरला दुपारी वारा सुटला की लाट चांगली उठते.

पंखा किती खोल असावा? चालत्या होडीत वरच्या पात्यावर पाणी जेमतेम मिटावं एवढा. मागे उंच कारंजं उडत असेल आणि इंजिन मधूनच मोकळं पळत असेल तर पंखा हवा खातोय, तो वर आहे. हँडल जड आणि होडी मंद असेल तर तो खाली आहे. खोली ठरली की खालच्या मर्यादेचा बोल्ट किंवा साखळी तिथे बांधा, म्हणजे बसल्यावर हँडल कमरेच्या उंचीवर आपोआप थांबेल आणि दिवसभर ते उचलून धरावं लागणार नाही. मर्यादा फक्त खालच्या बाजूला. वरच्या बाजूला मोटर पूर्ण मोकळी हवी. बुडालेल्या बांधावर किंवा बाभळीच्या खोडावर दांडा आदळला तर तो स्वतःहून वर उसळला पाहिजे. शेपूट दोरीने खाली बांधून चालवणारे लोक पाहिले की जीव खालीवर होतो.

मग पिना. काठावर, इंजिन बंद असताना, दांडा आडवा करून सोडा. शेपूट सावकाश खाली यावं. धाडकन आपटत असेल तर शेपूट फार जड, इंजिन त्याच्या पाळण्यात, म्हणजे ते ज्या चौकटीवर बसतं तिच्यात, थोडं पुढे, म्हणजे हँडलकडे सरकवा. खाली येतच नसेल तर उलट करा. डावी-उजवी फिरणारी उभी पिन काढून पुसा, घासलेले वॉशर बदला, पितळी बुश असेल तर ग्रीस लावा. तिचा नट एवढाच आवळा की मंद चालीत हँडल सोडलं तर ते जागेवर राहावं आणि एका बोटाने ढकललं तर हलावं. हँडल ओढतं म्हणून हा नट कचकचून आवळण्याची पद्धत आहे, ती सोडा. त्याने ओढ जात नाही, नुसती लपते, आणि गरजेच्या क्षणी होडी वळत नाही. नटावर दुसरा नट चढवा म्हणजे थरथरीने ढिला होणार नाही. हँडलची लांबीही बघा: पूर्ण वळवलं तरी ते गुडघ्यात अडकू नये, आणि कोपर थोडं वाकलेलं राहावं.

एवढं झाल्यावर जी ओढ उरते ती खरी पंख्याची ओढ. तिचं कारण असं. प्लग काढा, एकाने स्टार्टरची दोरी हळू ओढायची, दुसऱ्याने लांबून, मागे उभं राहून पंखा कुठे फिरतो ते बघायचं. होंडाच्या या इंजिनांचा शाफ्ट समोरून पाहिला तर घड्याळाच्या उलट फिरतो; दांडा थेट जोडला असेल तर मागून बघताना पंखाही उलटाच फिरतो. म्हणजे खालचं पातं डावीकडून उजवीकडे जातं. खालचं पाणी घट्ट असतं, वरच्या पात्याच्या वाट्याला हवा मिसळलेलं पाणी येतं. खालचं पातं जास्त रेटतं, शेपूट डावीकडे ढकललं जातं आणि हँडल उजवीकडे येतं. पंखा जितका वर, तितकी ही ओढ जास्त. म्हणूनच खोली आधी ठरवायची. बेल्ट किंवा गिअर मध्ये असेल तर दिशा वेगळी निघू शकते, तेव्हा डोळ्यांनी बघूनच ठरवा.

उपाय पंख्याजवळच्या उभ्या पट्टीत आहे. शेपूट ज्या बाजूला पळतं, पट्टीची मागची कड त्याच बाजूला वळवायची. हे आधी उलटं वाटतं, पण तिथे पाणी आपटून त्या बाजूला फेकलं जातं आणि शेपूट परत मध्याकडे येतं. एका वेळी दोन-तीन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. पट्टी नसेलच तर वेल्डरकडून तीन मिलिमीटर जाडीची लावून घ्या, पण मोटर त्याच्याकडे नेण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून घरी ठेवा.

चाचणीला पहाटे जा, वारा नसताना. आपल्याबरोबर एक माणूस घ्या, दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट, आणि इंजिन बंद करणाऱ्या स्विचची दोरी मनगटाला. बऱ्याच चिखलमोटरींना क्लच नसतो; दोरी ओढली की पंखा फिरायला लागतो आणि तो उघडा असतो, म्हणून सुरू करताना मागे कुणीही नको, पोहणारी पोरं तर मुळीच नकोत. रिव्हर्स नाही, तेव्हा बांबू आणि वल्हं होडीत पाहिजेच. जाळं कापायला धारदार चाकू, जास्तीची शिअर पिन (पंखा अडकला की आधी तुटून दांडा वाचवणारी), प्लग पाना आणि ब्रॅकेटच्या मापाचे पाने एका डब्यात. कानात कापूस किंवा इअरप्लग घाला. हा आवाज रोज सहन करणाऱ्यांना पुढे ऐकू कमी येतं, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. आणखी एक विनंती मनापासून: हिवाळ्यात हतनूरच्या उथळ बाजूला बदकांचे मोठे थवे उतरलेले असतात. हजारो किलोमीटर उडून आलेली ती पाखरं विसावलेली असताना आपली चाचणी त्यांच्यावरून नको. धरणाच्या भिंतीपासूनही लांब, मोकळ्या पाण्यात दोन खुणा ठरवा आणि त्यांच्यामध्ये जा-ये करा.

प्रत्येक फेरीला एकच बदल. उंची आणि पट्टी एकदम बदलली तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही. आधी मंद, मग अर्धी रेस, मग पूर्ण. प्रत्येक वेळी क्षणभर पकड सैल करा, हात हँडलभोवतीच ठेवून, आणि ते कुठे जातं ते बघा. पूर्ण रेसवर थोडी ओढ राहिली तर राहू द्या. ज्या चालीने तुम्ही दिवसाचा बहुतेक वेळ काढता त्या चालीवर हँडल मधोमध राहिलं पाहिजे. सगळ्या चालींवर ते राहत नाही. जमलं की ब्रॅकेटची उंची, बोल्टची जागा आणि पट्टीचा वाक ऑइल पेंटच्या खुणेने पक्का करा. पहिल्या तासाभरानंतर काठाला या आणि ब्रॅकेटचे, पाळण्याचे, उभ्या पिनेचे सगळे नट पुन्हा एकदा आवळा.