रीफ टँकसाठी खारे पाणी तयार करण्याची कायमची व्यवस्था

रीफ टँकमधले, म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातले, पाणी बदलण्याचे काम पुढे पुढे ढकलले जाते, कारण त्याआधीचा खटाटोप मोठा असतो. बादल्या भरायच्या, मत्स्यालयाचे खास सागरी मीठ मोजायचे, पंप आणि हीटर बुडवायचा, क्षारता (पाण्याचा खारटपणा) तपासायची आणि मग त्या जड बादल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायच्या. नेहमीच्या आठवड्यात हे कसेबसे निभते. पण टँकमध्ये एखादा मोठा जीव मरून सडला किंवा औषधाचा डोस चुकला, की त्याच संध्याकाळी निम्मे पाणी बदलावे लागते आणि तेव्हा तयार पाणी हाताशी नसते. दोन टाक्या, एक पंप आणि चार बॉल व्हॉल्व्ह यांची पक्की जोडणी केली, तर हेच काम व्हॉल्व्ह फिरवण्यापुरते उरते. ही व्यवस्था उभारताना नेहमीच्या आठवड्याचा हिशेब न धरता त्या अडचणीच्या संध्याकाळचा धरावा, असे माझे ठाम मत आहे.

त्यामुळे टाक्यांचा आकारही त्याच हिशेबाने ठरतो. समजा रीफ टँक ४०० लिटरचा आहे. आठवड्याला १० टक्के पाणी बदलायचे तर ४० लिटर पुरतात, पण निम्मे बदलायचे तर २०० लिटर लागतात. म्हणून २०० लिटरच्या दोन टाक्या घ्याव्यात, एक शुद्ध पाण्यासाठी आणि एक खाऱ्या पाण्यासाठी. टाक्या अन्नपदार्थांसाठी योग्य अशा प्लास्टिकच्या, अपारदर्शक आणि झाकणाच्या असाव्यात, कारण उजेड आत गेला की शेवाळ धरते. तोंड एवढे रुंद हवे की आत हात घालून तळ घासता येईल. भरलेल्या दोन टाक्यांचे वजन ४०० किलोच्या वर जाते, तेव्हा घोडी आणि खालची फरशी हा भार पेलेल याची खात्री आधीच करून घ्यावी.

शुद्ध पाणी

पहिल्या टाकीत आरओ (बारीक पडद्यातून दाबाने पाणी गाळणारे यंत्र) आणि त्यानंतर डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांमधून) गेलेले पाणीच यावे. गाळाचा फिल्टर, कार्बन, मेम्ब्रेन (आरओचा पडदा) आणि शेवटी रेझिन हा क्रम मोडू नये. पाण्यातला क्लोरीन कार्बनमध्ये अडला नाही, तर तो मेम्ब्रेन खराब करतो. रेझिननंतरचे टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य असायला हवे. ते १ किंवा २ दिसू लागले की ‘अजून चालेल’ असे म्हणून थांबू नये, कारण संपत आलेले रेझिन आधी धरून ठेवलेले सिलिकेटसारखे पदार्थ पाण्यात सोडू लागते आणि मग टँकच्या काचेवर तपकिरी थर येत राहतो.

येथे एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. आरओ बंद असताना मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंच्या पाण्यातले क्षार हळूहळू समान होत जातात, त्यामुळे यंत्र सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत मेम्ब्रेनमधून बरेच अशुद्ध पाणी येते आणि ते सगळे रेझिनच्या माथी बसते. टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह (पाणी वर आले की आपोआप बंद होणारा) लावून प्रत्येक दोन लिटरला यंत्र सुरू-बंद होऊ दिले, तर रेझिन भराभर संपते. म्हणून टाकी बरीच रिकामी झाल्यावर एकदाच सलग भरावी, सुरुवातीची काही मिनिटे रेझिनआधीचे पाणी बाहेर सोडावे, आणि फ्लोट व्हॉल्व्ह केवळ सुरक्षेसाठी ठेवावा. फ्लोट बंद झाल्यावर सांडपाणीही थांबावे, यासाठी आरओमध्ये दाबावर चालणारा बंद-व्हॉल्व्ह आहे ना, हे पाहावे. दिवसाला ७५ गॅलन क्षमतेचे मेम्ब्रेन योग्य दाबाला आणि २५ अंश तापमानाला दिवसाला सुमारे २८४ लिटर पाणी देते. दाब कमी किंवा पाणी थंड असेल तर बरेच कमी. त्यामुळे २०० लिटरची टाकी भरायला पूर्ण दिवस धरावा आणि टाकीच्या वरच्या कडेजवळ मोरीकडे जाणारी एक सुरक्षा-नळी अवश्य बसवावी.

जोडणी

दोन्ही टाक्यांच्या तळाजवळ भोक पाडून पाइप जोडण्यासाठी टँक कनेक्टर बसवावेत. रबरी वॉशर कनेक्टरच्या रुंद कडेच्या बाजूला यावा आणि भोकाच्या कडा सँडपेपरने गुळगुळीत केलेल्या असाव्यात. प्लास्टिकचा एखादा बारीक तुकडा वॉशरखाली राहिला, तरी तेथून थेंब येत राहतो. प्रत्येक कनेक्टरनंतर एक बॉल व्हॉल्व्ह, मग दोन्ही पाइप एका टीमध्ये (तीन तोंडांच्या जोडात) जोडून पंपाच्या सक्शनकडे, म्हणजे पाणी ओढणाऱ्या तोंडाकडे, न्यावेत. पंपाच्या बाहेरच्या पाइपला दुसरी टी लावून तिच्या एका फाट्यावर खाऱ्या टाकीत परत जाणारा पाइप आणि दुसऱ्यावर रीफ टँकपर्यंत पोहोचणारी नळी घ्यावी, आणि या दोन्ही फाट्यांवरही एकेक व्हॉल्व्ह असावा. एवढ्या चार व्हॉल्व्हवर सगळी कामे होतात. शुद्ध टाकीचा आणि परतीचा उघडला की शुद्ध पाणी खाऱ्या टाकीत जाते. खाऱ्या टाकीचा आणि परतीचा उघडला की मिश्रण ढवळले जाते. खाऱ्या टाकीचा आणि नळीचा उघडला की तयार पाणी रीफ टँकला मिळते. आणि शुद्ध टाकीचा व नळीचा उघडला की बाष्पीभवनाची भर, म्हणजे टँकमधून उडून गेलेल्या पाण्याची भरपाई, घालता येते.

टाक्यांकडचे दोन्ही व्हॉल्व्ह मात्र कधीही एकाच वेळी उघडे राहू नयेत. माझ्याकडून एका रात्री ते राहिले. खाऱ्या टाकीतली पातळी जास्त होती, त्यामुळे पंप बंद असतानाही दोन्ही टाक्यांतले पाणी सकाळपर्यंत एका पातळीला आले होते. वरून पाहिले तर काहीच वेगळे दिसत नव्हते, दोन्हीकडे सारखेच नितळ पाणी. सवयीने शुद्ध टाकीत टीडीएस मीटर बुडवला आणि आकडा त्याच्या मर्यादेपलीकडे गेला, तेव्हा उलगडा झाला. तेच पाणी बाष्पीभवनाची भर म्हणून चार-पाच दिवस टँकमध्ये जात राहिले असते, तर क्षारता नकळत चढत गेली असती. तेव्हापासून चारही व्हॉल्व्हच्या मुठींवर वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या आहेत आणि शुद्ध पाणी घेण्याआधी मीटर बुडवल्याशिवाय मी पंप लावत नाही. पंपात आणि पाइपमध्ये खारे पाणी उरलेले असते, म्हणून शुद्ध पाणी काढताना पहिले दोन-तीन लिटर वेगळ्या बादलीत सोडावेत.

पंप टाक्यांच्या तळापेक्षा खाली ठेवावा, म्हणजे पाणी आपोआप त्यात उतरते आणि तो कोरडा चालत नाही. तो समुद्री पाण्यासाठी चालणारा, चुंबकीय जोडणीचा आणि सिरॅमिक दांड्याचा असावा. २०० लिटरसाठी ताशी २,००० ते ३,००० लिटरची क्षमता पुरते, मात्र नळी लांब किंवा वरच्या मजल्यावर जाणार असेल तर पंपाच्या पेटीवर दिलेला उंचीचा तक्ता पाहूनच निवड करावी. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (हाताने सोडवता येणारा जोड) लावायला विसरू नये. युनियन नसेल तर पंप साफ करण्यासाठी पाइप कापावा लागतो. पाण्याला लागणाऱ्या कोणत्याही ठिकाणी पितळ, तांबे किंवा गॅल्व्हनाइज्ड लोखंड नको; तांब्याचा अल्पसा अंशही प्रवाळ, कोळंबी आणि शंखगोगलगायींना घातक ठरतो. व्हॉल्व्हमधल्या स्प्रिंग आणि नळीवरच्या क्लिपसुद्धा तपासून घ्याव्यात.

सॉल्व्हंटने चिकटवलेले सांधे २४ तास सुकू द्यावेत, आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळावी, आणि त्यानंतर दोन्ही टाक्या साध्या पाण्याने भरून प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद पसरून एक दिवस ठेवावा. बोटाला न जाणवणारी गळती कागदावर डाग म्हणून दिसते. विजेचे सॉकेट टाक्यांपासून दूर आणि पाण्याच्या पातळीपेक्षा उंच घ्यावे, वायरला सॉकेटखाली झोळ ठेवावा म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब तेथेच खाली पडतो, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय पंप चालू करू नये.

मीठ मिसळताना

आधी पाणी, मग मीठ. हा क्रम उलटला, म्हणजे मिठावर पाणी ओतले, तर तळाशी काही काळ अतिशय दाट द्रावण तयार होते, त्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा साका बनतो आणि तो मग सहजासहजी विरघळत नाही. पाणी दुधाळच राहते, तळाला पिठूळ थर बसतो, आणि क्षारता बरोबर येऊनही कॅल्शियम व अल्कलिनिटी (आम्लाला तोंड देण्याची पाण्याची क्षमता) कमी भरतात.

टाकीत १८० लिटर शुद्ध पाणी घ्यावे, पंप सुरू करून परतीच्या पाइपचे तोंड तळाकडे वळवावे आणि मीठ थोडे थोडे सोडावे. ३५ पीपीटीसाठी (पाण्याच्या हजार भागांत ३५ भाग क्षार) बहुतेक मिठांचे लिटरला ३७ ते ४० ग्रॅम लागतात. ३८ धरले तर १८० लिटरला सुमारे ६.८ किलो होतात. मीठ वजन करूनच घ्यावे, कारण दमट मिठाचे माप फसवे असते. वाहतुकीत पिशवीतले बारीक आणि जाड कण वेगळे होतात, म्हणून वापरण्याआधी पिशवी आडवी करून चांगली लोळवून घ्यावी.

काही तासांनी, पाणी पूर्ण नितळ झाल्यावर आणि तापमान २५ अंशांच्या आसपास आल्यावर क्षारता मोजावी. लक्ष्य ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता मोजणारे उपकरण) केवळ शुद्ध पाण्यावर शून्य करून भागत नाही, तो ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवावा. काही रिफ्रॅक्टोमीटरची मोजपट्टी साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असते आणि ती समुद्री पाण्याला थोडी चुकते. १८० लिटरमध्ये ३३ आले तर सुमारे ३९० ग्रॅम मीठ आणखी लागेल; ३७ आले तर सुमारे १० लिटर शुद्ध पाणी. नवी पिशवी फोडल्यावर अल्कलिनिटीही एकदा तपासावी. नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात ती ७ डीकेएचच्या (अल्कलिनिटी मोजण्याचे एकक) जवळ असते, तर काही मिठांत ११ च्याही वर जाते, आणि टँकमधल्या आकड्यापेक्षा एवढ्या वेगळ्या पाण्याने मोठा बदल केला तर प्रवाळांची टोके जळतात.

तयार पाणी साठवायचे असल्यास हीटर सतत चालू ठेवू नये, कारण त्याच्या तापलेल्या काचेवर कॅल्शियम कार्बोनेटचा खडबडीत थर चढतो आणि तेवढी अल्कलिनिटी पाण्यातून कमी होते. झाकण लावून, दिवसातून काही वेळ पंप फिरवून पाणी ठेवावे, आणि बदलाच्या आदल्या संध्याकाळी हीटर लावून ते टँकच्या तापमानाच्या एका अंशाच्या आत आणावे. नळीचा व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी हीटरचा प्लग काढलाच पाहिजे. पातळी खाली जाऊन तापलेला हीटर उघडा पडला तर काच तडकते.

काही महिन्यांनी खाऱ्या टाकीच्या भिंतींवर आणि पंपाच्या पात्यांवर पांढरा थर दिसू लागतो. टाकी रिकामी करून साध्या पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवावे, ते पंपाने तासभर फिरवावे आणि दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन टाकावे. या धुण्यात ब्लीच कधीही मिसळू नये, कारण आम्लाशी संयोग होऊन विषारी क्लोरीन वायू सुटतो. पंप उघडलेलाच असेल तर युनियनमधली रबरी रिंगही पाहून घ्यावी. तिच्याभोवती मिठाचे पापुद्रे जमलेले असतील, तर तो सांधा केव्हापासून तरी झिरपतो आहे.