गिटार आणि बेसच्या प्रीअँपवरचा कोरस कसा लावावा

नागपुरात लग्नाच्या लॉनवर किंवा गणेशोत्सवाच्या मंडपात ऑर्केस्ट्रा ऐकताना एक गोष्ट वारंवार जाणवते. कोरस, म्हणजे आवाज दाट करणारा इफेक्ट, लावला की गिटारच्या कॉर्ड भरून येतात, आणि तोच कोरस बेसला लावला की बेसच हरवतो. दोन्हींचं कारण एकच. ते कळलं की नॉब अंदाजपंचे फिरवावे लागत नाहीत.

कोरस सिग्नलचे दोन भाग करतो. एक जसाच्या तसा पुढे जातो, तो ड्राय. दुसरा साधारण ५ ते ३० मिलिसेकंद उशिरा पोचतो, तो वेट. एलएफओ नावाचा संथ ऑसिलेटर हा उशीर सतत कमीजास्त करत राहतो. उशीर वाढत असताना वेटचा सूर किंचित उतरतो, कमी होत असताना चढतो. डबल रीडच्या पेटीत एकाच स्वराच्या दोन रीड केसभर वरखाली लागलेल्या असल्या की सूर लहरतो ना, तसंच इथे होतं. फरक एवढाच की कोरसमध्ये हे अंतर स्वतःच बदलत असतं.

जुन्या पेडलांमध्ये, म्हणजे पायाने चालू-बंद करायच्या इफेक्टच्या डब्यांमध्ये, हा उशीर बीबीडी चिप करते. फिलिप्सच्या संशोधकांनी १९६९ मध्ये शोधलेल्या या तंत्रात सिग्नल एका कपॅसिटरकडून पुढच्याकडे सरकत जातो, आणि हे सरकणं ज्या ठोक्यावर चालतं तो क्लॉक मंद केला की उशीर वाढतो. रोलँडने १९७५ मध्ये जेसी-१२० अँप्लिफायरमध्ये कोरस दिला. त्याच्या दोन स्पीकरपैकी एकातून ड्राय येतो, दुसऱ्यातून वेट, आणि मिश्रण हवेतच होतं. पुढच्याच वर्षी तेच सर्किट बॉस सीई-१ या पेडलमध्ये आलं.

आता वाद्य हातात घ्या, पण आधी नीट ट्यून करा. मे महिन्यातल्या उन्हातून गिटार आणून थेट कूलरसमोर ठेवली तर सूर हलतोच, आणि बेसूर गिटारवर कोरस फार वाईट लागतो.

पहिलं काम, कोरसची जागा. ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका, म्हणजे डिस्टॉर्ट करणारा इफेक्ट) आधी, कोरस नंतर, त्यामागे डिले आणि रिव्हर्ब (प्रतिध्वनी आणि घुमारा देणारे इफेक्ट). पेडल वेगळं असेल आणि गेन, म्हणजे आवाज फाटेल इतकी वाढ, प्रीअँपवरूनच (वाद्याचा सिग्नल आधी वाढवणारा भाग) घेत असाल, तर ते पेडल गिटार आणि प्रीअँपच्या मध्ये न लावता इफेक्ट लूपमध्ये, म्हणजे प्रीअँपनंतर इफेक्ट जोडायच्या जागेत लावा. कोरस डिस्टॉर्शनच्या आधी पडला तर कॉर्ड गढूळ होते.

मग रेट (एलएफओचा वेग) अगदी कमी, डेप्थ (उशीर किती कमीजास्त होतो) मध्यावर, मिक्स (ड्राय आणि वेटचं प्रमाण) पूर्ण वेटवर. एकच सूर लांबवा. आता जे ऐकू येतं तो व्हिब्रॅटो, म्हणजे नुसता हलणारा सूर. मिक्स हळूहळू निम्म्यावर आणा, त्याच सुराचा कोरस होतो. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा तरी करावा. मिक्सचा नॉब नसेल तर ही पायरी सोडा.

रेट आणि डेप्थ एकमेकांत गुंतलेले असतात. उशीर २ मिलिसेकंद पुढेमागे होत असेल आणि सेकंदाला एक सरळ चढउतार असेल, तर वेटचा सूर सुमारे १४ सेंट हलतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. रेट दुप्पट केला की तोच सूर २८ सेंट हलू लागतो. म्हणून रेट वाढवलात की डेप्थ कमी करा. संथ गाण्याच्या आर्पेजिओला, म्हणजे एकेक सूर सुटा वाजवलेल्या कॉर्डला, कमी रेट आणि जरा जास्त डेप्थ छान बसते.

बेसचं गणित खरं महत्त्वाचं. मोकळ्या ई तारेचं मूळ कंपन ४१ हर्ट्झ, म्हणजे एक लाट सुमारे २४ मिलिसेकंदांची. वेट नेमका १२ मिलिसेकंद उशिरा आला की ड्रायची लाट वर असताना वेटची खाली असते, आणि मिक्स निम्मं-निम्मं असेल तर मूळ सूर जवळजवळ पुसला जातो. मोकळ्या ए तारेला हेच ९ मिलिसेकंदांवर होतं. एलएफओ या जागांवरून ये-जा करत असल्याने सूर मध्येच दणकतो, मध्येच बसतो. गिटारमध्येही असे खड्डे पडतात, पण ते वरच्या हार्मोनिक्समध्ये, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणाऱ्या वरच्या उपस्वरांमध्ये विखुरतात आणि कानाला चमक वाटते.

बेसच्या कोरसला लो फिल्टर, म्हणजे खालचे सूर कोरसपासून वेगळे ठेवणारा नॉब, असेल तर तो वापराच. खालचा भाग ड्राय राहील आणि वरचाच हलेल. नसेल तर मिक्स पाव भागाच्या आसपास ठेवा आणि ई तार मोकळी वाजवून तपासा. ड्रमच्या किकसोबत चालणाऱ्या बेसलाइनला माझ्या मते कोरस नकोच. वरच्या फ्रेटवरची मेलडी असेल तर जरूर लावा.

शेवटची तपासणी मंडपातच करायची. तिथला साउंड अनेकदा मोनो असतो, म्हणजे सगळ्या स्पीकरमधून एकच सिग्नल येतो. काही स्टिरिओ कोरसमध्ये एका आउटपुटला ड्राय अधिक वेट असतं, दुसऱ्याला ड्राय वजा वेट. मिक्सरवर दोन्ही एकत्र आले की वेट कटतो आणि कोरस नाहीसा होतो. साउंडवाल्या दादांना विचारून घ्या. मोनो असेल तर एकच आउटपुट जोडा, आणि मिक्स पुन्हा समोरच्या स्पीकरवर ऐकून ठरवा.